सक्षम अधिकारी, तात्पुरता

इंग्रजाने आखाती अरबांना नेमकं कोणापासून संरक्षण दिलं होतं, ते बहारीनमध्ये आठ वर्षं नोकरी करूनही मला कळलं नाही. पण लढाई झालीच, तर या संरक्षित मुलखात कोणाला कोणत्या कायद्याने डांबायचं याची तयारी त्याने चोख करून ठेवली होती. हे मला पक्कं माहीत आहे, कारण ते कागद मी टाइप केलेत.

मनामामधल्या एका इंग्रज कायदे-सल्लागाराच्या ऑफिसात मी टायपिस्ट होतो. जमिनीच्या एका जुनाट भांडणासाठी आमच्या मॅनेजरने लंडनहून सरकारी फायलींच्या झेरॉक्स मागवल्या होत्या. त्या इतक्या पुसट होत्या की त्या नव्याने टाइप करण्यात माझा एक अख्खा उन्हाळा गेला. त्यातच महायुद्धाच्या आधी लिहून ठेवलेला आणीबाणीच्या कायद्याचा एक मसुदा निघाला. तारखेची जागा कोरी. शत्रूच्या नावाची जागाही कोरी. शत्रू कोण ते नंतर बघू, आधी नियम करून ठेवू, असा तो दूरदर्शी कारभार होता.

मसुद्यात माणसांची तीन कॅटेगरींत वाटणी होती. शेखची रयत शेखकडे. गोरे लोक पहिल्या बोटीने सुखरूप बाहेर. आणि आमच्यासारखे हिंदी लोक? त्यांनी लेखी परवान्याशिवाय बेट सोडायचं नाही, सांगितलं ते काम करायचं, आणि नाही केलं तर त्यांना हिंदुस्थानचंच दंडविधान लावायचं. म्हणजे आमचा कायदा आमच्याआधी समुद्र ओलांडून इथे नोकरीला लागला होता, तोही व्हिसाशिवाय. मला त्याचा हेवा वाटला.

त्याच ऑगस्टमध्ये शेजारच्या कुवेतमध्ये इराकी रणगाडे शिरले. झिंजमधल्या आमच्या फ्लॅटच्या काचांवर बायकोने फुलीसारख्या चिकटपट्ट्या लावल्या, शाळा कधी बंद होईल याचा नेम राहिला नाही, आणि लंडनच्या हेड ऑफिसने मॅनेजरकडे आणीबाणीची योजना मागितली. मॅनेजर जनाबियाला बागेच्या व्हिलात राहायचा आणि कष्टाचा त्याला मनापासून तिटकारा होता. आयतं मिळत असताना नवं कोण लिहिणार? त्याने तोच मसुदा माझ्यापुढे टाकला.

"ब्रिटिश प्रजा आहे तिथे सिनियर स्टाफ कर," तो म्हणाला. "हिंदी प्रजा आहे तिथे जनरल स्टाफ. ऑफिसर आहे तिथे नुसतं स्टाफ. बाकी जसं आहे तसं."

'जसं आहे तसं' हा आमच्या ऑफिसचा धर्म होता. पूर्वी एकदा मी त्याच्या पत्रातली चूक सुधारली होती, तेव्हा त्याने मला प्रेमाने समजावलं होतं की टाइप करणं तुझं काम आहे, विचार करणं माझं. तेव्हापासून आम्ही कामाची वाटणी पाळत होतो. मी टाइप करत होतो आणि तो विचार करत नव्हता.

पण माझे वडील अकोल्याला शाळेत शिपाई होते. आमच्या दोन खोल्यांत भिंतीवर बुद्ध आणि फळीवर राज्यघटना, एवढीच श्रीमंती. ते म्हणायचे, कायदा वाचल्याशिवाय सही करू नको, आणि आपल्यासाठी दुसऱ्याने केलेला कायदा तर दोनदा वाच. म्हणून मी तो दोनदा वाचला.

तेराव्या कलमात लिहिलं होतं की परवाना देण्याचा आणि तिजोरीच्या किल्ल्या ठेवण्याचा अधिकार सक्षम अधिकाऱ्याला. तो बेटावर नसेल, तर हजर असलेला सर्वांत जुना ऑफिसर आपोआप सक्षम अधिकारी. मूळ लिहिणाऱ्याच्या मनात पुढचा माणूसही गोराच असणार, ते लिहायची त्याला गरज वाटली नव्हती. आता तिथे 'ऑफिसर'च्या जागी 'स्टाफ' आलं होतं. मी ते जसं आहे तसं टाइप केलं. मॅनेजरने न वाचता सही ठोकली आणि योजना नोटीस बोर्डावर लागली.

आमचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असायचे. तेव्हा ती रीतच होती. डिसेंबर उजाडला, इराकला कुवेत सोडायला दिलेली जानेवारीतली मुदत जवळ आली, आणि गॅस मास्क घालून बसलेल्या माणसांची चित्रं रोज टीव्हीवर दिसू लागली. मला भीती वाटत होती, त्यात लपवण्यासारखं काही नाही. माझी मुलगी सहा वर्षांची होती. मी मॅनेजरकडे गेलो, म्हटलं, बायको आणि मुलीचे पासपोर्ट द्या, त्यांना गावी पाठवतो.

"परवान्याचं बघू," तो म्हणाला. "इंशाल्ला."

बाहेर टेलिफोनवर बसणारी वसईची बाई होती. ती मला भाऊ म्हणायची. "भाऊ, गोरा इंशाल्ला म्हणाला म्हणजे मफी, नाहीच समजायचं," ती म्हणाली. "आपन कॅटेगरी थ्री. आपल्याला कोन सोडतंय?"

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सिनियर स्टाफ योजनेनुसार बाहेर पडला. सिनियर स्टाफ म्हणजे मॅनेजर, त्याची बायको आणि त्यांचा कुत्रा. जाताना त्याने किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला, "कॅरी ऑन" म्हणाला आणि गेला.

मी चहा प्यायलो. नोटीस बोर्डावरचं तेरावं कलम पुन्हा एकदा वाचलं. ऑफिसात माझ्याहून जुनं कोणी उरलं नव्हतं. मग मशीनवर कागद चढवला आणि परवाना क्रमांक एक टाइप केला, माझ्या बायकोचा. दोन माझ्या मुलीचा. 'सक्षम अधिकारी' या शब्दांवर सही केली, ती बरी आली. वसईच्या बाईचा तिसरा. ती कागद छातीशी धरून म्हणाली, "भाऊ, शिक्का पन मार रे." मी शिक्का मारला. ऑफिसातल्या इतर तिघांनाही परवाने दिले, तिजोरी उघडून सगळ्यांना पासपोर्ट दिले आणि सगळ्यांची ऑफिस कॉपी फायलीला लावली.

विमानात जागा दोनच मिळाल्या. एअरपोर्टवर मुलीने विचारलं, "पपा, व्हाय आर यू नॉट कमिंग?" ती मराठीत विचारलेल्याचंही उत्तर इंग्रजीत द्यायची. रिकाम्या फ्लॅटवर येऊन मी पोटभर रडलो.

लढाई संपली आणि मार्चमध्ये मॅनेजर परत आला, कुत्र्यासकट. पासपोर्ट कोणाच्या परवानगीने दिले, असं त्याने विचारलं. मी फाईल पुढे ठेवली. त्याने तेरावं कलम वाचलं, खालची स्वतःचीच सही वाचली, आणि कान लाल होईपर्यंत ती बघत राहिला. नोकरीवरून काढावं तर नियम त्याचाच होता. मग त्याने पेन्सिलने 'स्टाफ'च्या आधी 'सिनियर' असा एकच शब्द घातला आणि दुरुस्ती टाइप करायला दिली.

"जेवून आलो की सही करतो," तो म्हणाला. "सगळे पासपोर्ट संध्याकाळपर्यंत तिजोरीत हवेत."

तो गेला जनाबियाला जेवायला. म्हणजे ऑफिसात हजर नव्हता, पण बेटावर होता, हे मला कळत होतं. मात्र कोणाचा अधिकार केव्हा सुरू होतो आणि केव्हा संपतो, हे त्या योजनेत कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला सक्षम अधिकारी पदावरून उतरवल्याचा कागद अजून माझ्याच मशीनवर होता. मी तो बाजूला काढून ठेवला आणि परवाना क्रमांक सात टाइप केला, माझा स्वतःचा. मग दुरुस्ती टाइप केली, जशी आहे तशी. दोन्ही कागद त्याच्या टेबलावर ठेवले, वर किल्ल्या ठेवल्या, आणि माझा पासपोर्ट खिशात घालून निघालो.

अकोल्याला पोचलो तेव्हा मुलगी दारात उभी होती. दोन महिन्यांत तिची इंग्रजी पार गळून पडली होती.

"पपा, तुमाले सोडलं काय त्याईनं?"

"नाही," मी म्हटलं. "मीच सोडलं मले."