दारापुढचं झाड

ताईच्या खोलीचं दार बाहेर, हॉलमध्ये उघडतं. बांधणाऱ्याला काय सुचलं कोण जाणे. एरवी त्याचं काही अडत नाही. पण नाताळ आला की कोपऱ्यात, दाराच्या अगदी पुढ्यात झाड उभं राहतं आणि दार वीतभर उघडून थांबतं. हॉलमध्ये दुसरी जागाच नाही. एकीकडे खिडकी, एकीकडे स्वयंपाकघर, एकीकडे जिन्याचं दार. लहानपणी ताई त्या फटीतून सुळकन आत जायची. तिशीत कडेने जायची, पोट आत ओढून. पुढे अंग भरलं तसा तिने तो नाद सोडला. झाड यायच्या आदल्या दिवशी कपडे, गोळ्या आणि उशी बाहेर काढायची आणि झाड उतरेपर्यंत सोफ्यावर झोपायची.

मग लहान झाड आणावं, हे कुणालाही सुचेल. ताईला कोण सांगणार? तिला छताला टेकणारंच लागायचं. बाजारात गेली की एकेका झाडाभोवती फिरायची, फांद्या बाजूला करून खोड बघायची, झाडाशी हात मिळवल्यासारखी फांदी हलवून सुया किती गळतात ते पाहायची. मधला भाऊ हातगाडीवर पाय ठेवून कंटाळायचा. "ताई, झाड न्यायचंय. जावई नाही."

"जावई निदान बोलून तरी दाखवतो कसा आहे ते," ताई म्हणायची आणि पुढच्या झाडाकडे वळायची.

हे वेड जन्माचं. बाबा पूल बांधणाऱ्या कंपनीत होते, वर्षातले बहुतेक दिवस बाहेर. नाताळच्या आधी यायचे, खांद्यावर झाड टाकून जिना चढायचे, तेवढे दिवस घर घरासारखं असायचं. सुट्टी संपली की निघून जायचे आणि झाड उतरवायचं आईवर यायचं. आईला पसाऱ्याचा तिटकारा. एका वर्षी ताई शाळेतून आली तर भिंत मोकळी. जिथे झाड होतं तिथे नुसती पुसलेली ओली फरशी. पोरीने जेवण टाकलं. आईने समजावलं, मग धपाटा घातला, तरी हिचं तोंड उघडेना. पुढच्या खेपेला बाबांनी सगळ्यांना समोर बसवून कायदा केला. झाड लावताना जे हजर होते ते सगळे हजर असल्याशिवाय झाड उतरायचं नाही, आणि ज्याने जे टांगलं ते त्यानेच काढायचं. ताई जग जिंकल्यासारखी जेवली. एवढ्याशा पोरीला काय कळणार, आपण आपल्याच मापाचं काय शिवून घेतोय ते.

आईबाबा गेले, कायदा राहिला. मधला लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे गेला. धाकटा बोटीवर इंजिनं सांभाळायला लागला, वर्षातून कधीतरी उगवायचा. 'घर ताईचं' असं दोघांनीही मोठ्या मनाने म्हटलं. घर झाडासकट होतं, हे कुणी बोलून दाखवलं नाही. ताईही बोलली नाही. खोटं कशाला सांगा, तिला ते आवडत होतं. मधल्याची पोरं तिच्या हॉलमध्ये लोळायची, प्रत्येकाचं एकेक खेळणं झाडावर ठरलेलं, आईची काचेची घंटा आणि बाबांचा पत्र्याचा तारा मात्र ताईनेच टांगायचा. त्या दिवसांत ती दमून खुर्चीत बसायची आणि झाडाकडे अशी बघायची, की भावजय म्हणायची, "दृष्ट लागेल हो त्याला, ताई."

बाकीचं वर्ष ताई पडद्यांच्या दुकानात असायची. पुढे गिऱ्हाईकं, मागे शिलाईची लांबट खोली, ओळीने यंत्रं. जाड कापडाचा ढीग मांडीवर घेऊन ती चुण्या घालायची, तळाच्या पट्टीत वजनं शिवायची. कापायचं काम मास्तरणीकडे. मास्तरीण म्हणजे कानावर खडू आणि जिभेवर कात्री. दोघींनी एका टेबलावर अर्धं आयुष्य डबे खाल्ले. मास्तरीण आधी निवृत्त झाली आणि दूरच्या लहानशा गावात जाऊन बसली. तिथून दर रविवारी फोन करायची.

ज्या वर्षी ताई निवृत्त झाली, त्या वर्षीचा फोन वेगळा होता. "इथे माझ्या शेजारची खोली रिकामी झालीये. दोन खिडक्या, दोन्हीतून उजेड. दुकानं नाहीत, पडदे शिवणारं कुणी नाही. येतेस का?"

ताईचा जीव हरखून वर उडाला. साठ वर्षांत तिला 'येतेस का' असं कुणी विचारलं नव्हतं. सगळे 'येतोय' असंच सांगायचे.

"येते," ती म्हणाली. "नाताळ होऊ दे, झाड उतरू दे, की आलेच."

"मालक जानेवारीपुरता थांबतोय बघ. पुढे दुसऱ्याला देणार. तुझ्या झाडाचा कारभार तोवर आटप."

ताईने हे घरात कुणालाही सांगितलं नाही. झाड उतरलं की सांगू, असं ठरवलं. तिथेच घोडं अडलं.

झाड लागलं आणि दुसऱ्याच दिवशी धाकट्याला बोटीवरून बोलावणं आलं. नववर्षाला परत येतो म्हणून गेला. मग आठवडाभराने येतो म्हणाला. मग बोट कुठल्यातरी बंदरात अडकली. जानेवारी अर्धा सरला, गल्लीतली सगळी झाडं कधीच कचऱ्यात गेली, आणि ताईचं झाड कोपऱ्यात वाळत उभं. सुया सोफ्यात, सुया चपलांत, सुया चहात. रात्री एकेक सुई फरशीवर पडायची आणि ताई सोफ्यावर पडून ऐकायची. बॅग खोलीत, कपाट खोलीत, शिलाईचं यंत्र खोलीत. पुढ्यात हे.

"धाकट्याला फोनवर विचारून उतरवून टाकू का गं?" तिने भावजयीला एकदा विचारून पाहिलं.

"काहीतरीच काय, ताई. मुलं विचारतात रोज, काका कधी येणार, झाड कधी उतरणार. आणि तुमचाच ना हो कायदा?"

इथे तोंड उघडायचं होतं. मला जायचंय, एवढे दोन शब्द. पण ताई म्हणाली, "नाही, सुया फार पडतात म्हणून म्हटलं." भावजयीने दुसऱ्या दिवशी नवा झाडू आणून दिला.

महिना संपत आला तशी मास्तरीण कडक झाली. "सोमवारी सकाळची बस पकड. नाहीतर नाही म्हण, मी मालकाला सांगते. मला लटकवून ठेवू नकोस."

तेव्हा एका दुपारी ताईने जिन्याच्या दाराला कडी लावली आणि झाड उतरवलं. एकटीने. पोरांची खेळणी, मधल्याचा लाकडी घोडा, धाकट्याचा कापसाचा पक्षी, सगळ्यांचं सगळं आपल्या हाताने काढलं. झाड ओढत जिना उतरून मागच्या अंगणात कचऱ्याच्या पिंपांशी टाकलं. वर येऊन कोपरा झाडला, पुसला. मग खोलीचं दार पुरतं उघडलं, भिंतीला टेकेपर्यंत, आणि आत जाऊन संध्याकाळपर्यंत सामान बांधलं. गादी गुंडाळली. पडदेसुद्धा काढून घडी केले.

शनिवारी भावजय धापा टाकत वर आली. "ताई, धाकटे भावोजी उद्या सकाळी येतायत. आत्ताच फोन." मग तिची नजर कोपऱ्यावर गेली आणि ती होती तिथेच खुर्चीत बसली. "झाड कुठंय?"

"उतरवलं."

"कुणी?"

"मी."

"एकटीने?"

या भावजयीने आयुष्यभर त्या कायद्याला नाकं मुरडली होती. तीच आता पांढरीफटक पडली. "अहो, ते झाडासाठी येतायत. फोनवर पहिला प्रश्न तोच. ताईने ठेवलंय ना म्हणाले. मी हो म्हटलं. आता काय तोंड दाखवू मी?"

ताईने पुन्हा तोंड उघडायला हवं होतं. तिने खोलीचं दार लोटलं फक्त.

मधल्याला बोलावलं. त्याने अंगणातून झाड वर चढवलं, येताना आणखी निम्म्या सुया जिन्यावर सांडल्या. "टक्कल पडलंय याला," तो म्हणाला. "माझ्याशेजारी उभं करा, भाऊ शोभेल." भावजयीने त्याला झाडू दिला. काय कुठे टांगलेलं होतं ते फक्त ताईलाच ठाऊक, तेव्हा टांगायचं तिलाच. ती एकेक वस्तू हातात घ्यायची, जागेवर लावायची, आणि खोलीचं दार एकेका फांदीने मागे जात होतं. बांधलेली बॅग आत.

रविवारी धाकटा आला. रापलेला, डोळे जागरणाने लाल. दारातच उभा राहिला, झाडाकडे बघत. "थांबलात तुम्ही," एवढंच म्हणाला आणि नाक पुसलं. मधल्याला चहाचा ठसका लागला. भावजयीने केक कापायला घेतला. पोरं खेळणी काढायला धावली तसा धाकटा म्हणाला, "थांबा रे. ताई, मी आठवडाभर आहे. तेवढे दिवस राहू दे ना. बोटीवर रोज डोळ्यांपुढे यायचं हे."

सगळे ताईकडे बघायला लागले. सुया गळून उघडं पडलेलं झाड, त्यावर दागिने, आणि ताई खुर्चीच्या पाठीला धरून उभी.

"माझी बॅग आत आहे," ती म्हणाली.

"कसली बॅग?"

"बघ जाऊन."

धाकटा काटकुळा. फांद्यांमागून वाकून फटीत शिरला. बाहेर आला तेव्हा केसांत सुया होत्या. "आत सगळं बांधून ठेवलंय," तो सगळ्यांना म्हणाला. "पडदेपण नाहीत." मग ताईला, हळू, "कुठे चाललीस?"

"मास्तरणीकडे. उद्या सकाळच्या बसने."

"किती दिवस?"

"राहायला."

केक कापायचा थांबला. "एवढं मनात होतं तर बोलला का नाहीत?" भावजय म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, आणि तो बरोबरच होता.

"झाड उतरल्यावर सांगणार होते," ताई म्हणाली. तिला स्वतःलाच ते ऐकून कसंतरी झालं.

धाकट्याने खुर्ची ओढली, वर चढला, बाबांच्या ताऱ्याला हात घातला, थांबला आणि खाली उतरला. "हा तुझा," तो म्हणाला. ताई खुर्चीवर चढली. मधल्याने तिला धरलं. मग ज्याचं त्याने काढलं. केक तसाच राहिला. मधला एकदाच म्हणाला, "मला वाटलं तुला हे सगळं हवं असतं."

"हवंच असतं रे," ताई म्हणाली. "तेच तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पोचवायला आले. धाकट्याने यंत्र उचललं, मधल्याने बॅग आणि गादी. दागिन्यांचं खोकं हॉलच्या मधोमध राहिलं.

"हे तुमच्याकडे ठेवा," ताई भावजयीला म्हणाली.

"आमच्याकडे कुठे, ताई? फुटेल काहीतरी. तुमच्याइतकं कुणाला जपता येतंय?"

मोठं खोकं होतं, दोन्ही हातांनी छातीशी धरावं लागणारं. ताईने ते उचललं. जिन्याच्या पहिल्याच वळणावर तिला कठडा धरायला हात मोकळा राहिला नाही, म्हणून ती पाय चाचपत उतरायला लागली. वरून भावजयीने कठड्यावरून वाकून विचारलं, "ताई, तिकडचं छत उंच आहे का हो? पुढच्या नाताळला मुलांना घेऊन कधी येऊ?"

ताई थांबली. खोक्यावरून तिला पायरी दिसत नव्हती. खाली धाकटा यंत्र घेऊन वाट बघत होता, बसची वेळ होत आली होती, आणि छत बुटकं आहे, खोली एकीचीच आहे, असं काहीतरी तिच्या ओठांवर आलंही होतं.

"आदल्या दिवशीच या," ती म्हणाली. "झाड निवडायला दिवस जातो."