वाचून दाखवण्याचे एकशेवीस डॉलर

सिंगापुरात राहणाऱ्या आपल्या लोकांच्या कागदांवर मी शिक्के मिळवून देते. पुण्यातला फ्लॅट विकायचा असतो, नाशिकचं खातं बंद करायचं असतं, आणि रजा मिळत नसते. मग तिथल्या कुणाला तरी मुखत्यारपत्र द्यावं लागतं, आणि त्यावर इथे नोटरीसमोर सही करावी लागते. नोटरी म्हणजे इथे वकील. तो शिक्का मारतो. त्याला गिऱ्हाइकाच्या घरी नेणं, पानं लावणं, फोटो चिकटवणं, अंगठ्याची शाई बाळगणं, पुढचा सरकारी शिक्का आणून कुरियर करणं, हे सगळं माझ्याकडे. वकिलाची फी लोक तिथल्या तिथे देतात, कारण तो घड्याळ बघतो आणि त्याला मराठी येत नाही. माझी फी थांबते. मला पोहे दिलेले असतात.

म्हणून माझा नियम आहे की पैसे येईपर्यंत चहा घ्यायचा नाही. चहा घेतला की मागताना आपलाच आवाज खाली जातो. तीन गिऱ्हाइकांनी बुडवल्यावर हे माझ्या लक्षात आलं. आणखी एक गोष्ट कळली. ज्यांना पैसे द्यायचे असतात ते मला मॅडम म्हणतात. ताई म्हणायला लागले की मी सावध होते.

बुओना व्हिस्टाच्या एका काँडोतला बँकवाला मला पहिल्या फोनपासून ताई म्हणत होता. त्याच्या आईचा साताऱ्याला प्लॉट होता. आई त्याच्याकडे लाँग टर्म पासवर, म्हणजे लांब मुदतीच्या परवान्यावर राहत होती, आणि प्लॉट विकण्याचं मुखत्यारपत्र तिच्या पुतण्याच्या नावे करायचं होतं. मसुदा पुतण्याच्या वकिलाने पाठवला होता, इंग्रजीत, अकरा पानं. काकूंना, म्हणजे त्याच्या आईला, इंग्रजी येत नव्हतं.

सहीच्या दिवशी नोटरीने माझ्यामार्फत त्यांना विचारलं की यात काय लिहिलंय ते समजलंय का. काकू गवार निवडत होत्या. म्हणाल्या, मुलगा सांगतोय म्हणजे बरोबरच असेल. मी तेवढंच भाषांतर केलं. नोटरीने पेनाला टोपण लावलं; न समजलेल्या कागदावर तो शिक्का मारत नाही.

अशा वेळी मी सगळा कागद मराठीत वाचून दाखवते, आणि शेवटी मी वाचून समजावल्याचं लिहून माझी सही होते. त्याचे एकशेवीस डॉलर. दरपत्रकात ते पहिल्यापासून आहेत. मी वाचत गेले, काकू गवार मोडत गेल्या. नवव्या पानावर त्यांचे हात थांबले.

"परत वाच."

मी परत वाचलं. विक्रीची रक्कम मुखत्याराने आपल्या खात्यात स्वीकारावी, असं त्यात होतं.

"सही त्याने करावी," काकू म्हणाल्या. "पैसे त्याने कशाला घ्यायचे?"

मुलाने सांगितलं की हा स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळे हाच वापरतात. काकूंनी नवऱ्याबरोबर तीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवलं होतं. त्या म्हणाल्या, वजनंही सरकारी शिक्क्याचीच यायची, तरी मी तोलून बघायची. ते कलम काढून टाकलं. पानं पुन्हा टाइप झाली, नोटरी पुन्हा आला, त्याची फी दुसऱ्यांदा द्यावी लागली. ती कापता येत नव्हती. म्हणून मुलाने माझी कापली. बिलातले वाचनाचे एकशेवीस सोडून बाकीचे फोनवरून पाठवले, आणि खाली लिहिलं, थँक्स ताई, सेटल्ड.

दुसऱ्या कुठल्या कामाचे असते तर कदाचित मी साठ-सत्तरवर तोडलं असतं. मी घासाघीस करून फ्रिज घेतलाय, लग्नाचे हॉल घेतलेत, एकदा दातही. पण वाचनाचे मी सोडत नाही. वडील गेले त्या वर्षी मी भाऊबीजेला माहेरी गेले होते. सकाळी भावाने चार कागद पुढे केले, नुसती फॉर्मॅलिटी आहे म्हणाला. मी सह्या केल्या. संध्याकाळी ओवाळलं, त्याने ताटात पाचशे रुपये आणि साडी घातली. ते हक्कसोडपत्र होतं हे मला पुढच्या वर्षी मामेबहिणीकडून कळलं. कागद मराठीतच होता. मला वाचताही येत होतं.

अडीच महिने मी मेसेज पाठवले. तो वाचायचा, निळ्या खुणा यायच्या. शेवटी एका शनिवारी दुपारी पासिर रिसहून निघाले. मेट्रोच्या हिरव्या लाइनीवर सरळ जाता येतं, जवळजवळ तास लागतो. त्या तासात मी काय बोलायचं ते शांतपणे ठरवलं. त्यातलं काहीही बोलले नाही.

दार त्यानेच उघडलं. शॉर्ट्समध्ये होता. ताई, अचानक? बसा ना, चहा टाकायला सांगतो. मी म्हटलं चहा नको, एकशेवीस हवेत. तो हसला. मग जरा हळू आवाजात म्हणाला की कामाचे पैसे त्याने दिलेत, पण वाचणं हे काही काम नाही, आपल्या माणसात असं कोण लावतं. माझा आवाज तोपर्यंत वर गेला होता. मी म्हटलं, ठीक आहे, वाचन झालंच नाही असं लिहून द्या. ते मी नोटरीला देते, तो काय ते बघेल. वाचनच झालं नसेल तर त्या मुखत्यारपत्राला अर्थ उरत नव्हता. आणि त्यावरच व्यवहार झाला होता, पैसे साताऱ्याला काकूंच्या खात्यात आले होते.

"तसं नाही ताई," तो म्हणाला. "पण तेवढं तर मीही वाचलं असतं."

"पण तू वाचलं नाहीस," काकू म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पैसे दिले गेले नाहीत हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी हात पुसले, माझ्यासमोर येऊन बसल्या आणि बिल मागितलं. मला वाटलं, जिंकले.

"एकशेवीस जास्त होतात," काकू म्हणाल्या. "किती वेळ वाचलंस?"

मी म्हटलं, पन्नास मिनिटं.

"त्यातली पंधरा मिनिटं मीच बोलत होते."

मी येण्याजाण्याचे दोन तास सांगितले. त्यांनी मला मेट्रोचं कार्ड काढायला लावून भाडं किती कापलं ते विचारलं. मी म्हटलं, त्या नवव्या पानाची किंमत बघा. त्या म्हणाल्या, ते पान मी पकडलं, तू तर सरळ पुढे चालली होतीस. हे खरं होतं. त्या नव्वद म्हणाल्या, मी एकशेदहा. मी पिशवी उचलली, दारापर्यंत गेले. त्या उठल्याही नाहीत. तीस वर्षं त्यांनी दारापर्यंत जाणारी गिऱ्हाइकं पाहिली होती. मी परत येऊन बसले.

शंभरावर तुटलं. मुलाने फोनवरून पाठवायचे, आणि ते काकू त्याला साताऱ्याच्या पैशातून देणार. तो म्हणाला, आई, इट्स ओके, राहू दे. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

पैसे आले, मग मी चहा घेतला. पावतीपुस्तक काढून पावती फाडली. पावती इंग्रजीत असते. काकूंनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि माझ्याकडे परत दिली.

"वाच."

मी वाचली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली, घडी करून कमरेच्या बटव्यात ठेवली, आणि मुलाला म्हणाल्या की बाईंना खालपर्यंत सोडून ये.

लिफ्टपाशी तो बराच वेळ आकडे बघत होता. मग म्हणाला की पुढच्या महिन्यात आईच्या साताऱ्यातल्या दुकानाच्या गाळ्याचंही मुखत्यारपत्र करायचंय. "पण या वेळी मी स्वतः वाचून दाखवेन, मॅडम."

मी त्याला सांगितलं, नातेवाईक चालत नाही. नोटरी घेणार नाही. एकशेवीसच पडतील, आणि आधी द्यायचे.