रेचे कोण, कुठले

माझं लग्न ठरलं तेव्हा माहेरी सगळ्यांत जास्त बोलणं झालं ते आडनावावर. मुलगा आर्वीच्या दवाखान्यात कंपाउंडर, घर स्वतःचं, शेती पोटापुरती, स्वभाव शांत. हे सगळं दोन वाक्यांत आटोपलं. मग वडिलांनी आडनाव सांगितलं. रेचे. माझ्या धाकट्या काकानं विचारलं, हे आडनाव आहे की औषध. वडील त्याच्यावर डाफरले आणि तोंड फिरवून स्वतःच हसले. एरंडेल मोजून देणाऱ्या माणसाचं नाव रेचे असावं, हा योग कुणाच्याही नजरेतून सुटण्यासारखा नव्हताच. आर्वीतल्या लोकांच्याही नजरेतून तो सुटलेला नव्हता. माझ्या नवऱ्याला त्याची सवय झाली होती. दवाखान्यात कुणी नाव ऐकून हसला की तो त्याच्या बाटलीत औषध ओतता ओतता स्वतःही थोडा हसायचा.

सवय झाली नव्हती ती माझ्या सासऱ्यांना. मी त्यांना मामाजी म्हणत असे. मामाजी कोर्टात नाझर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. लोकांना समन्स पाठवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला घरात बसून कुणाला बोलावता येत नाही याचा फार त्रास होतो. सासूबाई हाकेला ओ देत नसत. मी देत असे, पण मी एकटी किती पुरणार? मग त्यांनी पूर्वजांना हाका मारायला सुरुवात केली. रोज सकाळी ओसरीवर बसून ते चहा आणायला आलेल्या मला सांगत, की आपण मूळचे राजे. नागपूरच्या भोसल्यांच्या पदरी होतो. पुढं कुण्या गोऱ्या साहेबाच्या जिभेला राजे पेललं नाही आणि त्याचं रेचे झालं. मी विचारलं, की साहेबाच्या जिभेला भोसले कसं पेललं. त्यावर त्यांनी चहा थंड असल्याचं सांगितलं.

पुरावा म्हणून त्यांच्याकडे एक बोट होतं. त्यांच्या आजीचं. तिच्या उजव्या हाताचं बोट शेंड्याला चपटं झालेलं होतं, आणि ते लहानपणी भोसल्यांच्या तोफेच्या गाड्याखाली सापडलं अशी घराण्याची कथा होती. तोफेचा गाडा अख्खी पोर सोडून बोटाचा फक्त शेंडाच कसा दाबून गेला, हे विचारण्याची घरात पद्धत नव्हती.

हे सगळं ओसरीवरच राहिलं असतं, पण माझ्या नणंदेला पाहायला नागपूरहून लोक आले. माझी नणंद मॅट्रिक झालेली, कमी बोलणारी आणि बोलली तर नेमकं बोलणारी. मुलगा रेल्वेच्या कचेरीत होता. तो काहीच बोलला नाही. त्याच्या वाटणीचं त्याचा काका बोलत होता. काका पोहे खाता खाता म्हणाला, की रेचे हे नाव काही ऐकण्यात नाही. काय करायचे तुमचे पूर्वज?

मामाजींनी ओसरीवरचा सगळा इतिहास बाहेर काढला. काकानं तो शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाला, "राजे असाल तर भावकी असंलच ना मोठी. एकदा भेट घालून द्या. आम्ही भावकी पाहून मुली करतो."

पाहुणे गेल्यावर माझा नवरा एवढंच म्हणाला, की बाबा, उगाच कशाला. बाबांनी ऐकलं नाही. त्यांनी कुळमेळावा भरवायचं ठरवलं. जिथं जिथं रेचे असतील तिथून तिथून त्यांना आर्वीला आणायचं, एका मांडवात जेवू घालायचं आणि नागपूरच्या काकाला समोर बसवायचं.

त्या हिवाळ्यात मामाजी एसटीनं आणि जिथं एसटी नव्हती तिथं बैलगाडीनं फिरले. आपला विदर्भ तेव्हा नुकताच मुंबई राज्यात घातला होता आणि सगळेच आपण नक्की कोण, कुठले, याचा विचार करीत होते. मामाजी फक्त अधिक जोरानं करीत होते. परत आले की ते रात्रीच्या जेवणात गावं सांगत. देवळीला रेचे सापडले. पुलगावला सापडले. हिंगणघाटला तर एक आळीच होती. सिंदीला एक घर. नदीपलीकडे अमरावतीच्या बाजूला काही घरं. नागपुरात मात्र, राजवाड्याच्या आसपास तीन दिवस हिंडून, एकही नाही.

मी भाकरी वाढता वाढता म्हटलं, की मामाजी, ही सगळी कापसाच्या बाजाराची गावं आहेत. जिथं काळी जमीन, जिथं कापूस, तिथं रेचे. ते म्हणाले, की सरदारांना जहागिरी चांगल्या जमिनीतच मिळत. या माणसाला नाझर केलं हे सरकारनं बरोबर केलं. वकील केलं असतं तर एकही खटला संपला नसता.

खरं म्हणजे रेचा काय असतो हे आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारलं असतं तरी कळलं असतं. लाकडाचे दोन लाटे, एकमेकांना चिकटून फिरणारे. एका बाजूनं कापूस लावायचा. रुई पलीकडे निघते, सरकी अलीकडे पडते. रेल्वे आली, तिच्यामागून वाफेवरच्या जिनिंग आल्या, आणि रेचे चुलीत गेले. चालवणाऱ्यांना मात्र नाव चिकटून राहिलं. माझ्या नवऱ्याला हे ठाऊक होतं, सासूबाईंना ठाऊक होतं. मामाजींना ठाऊक नव्हतं असं मी तरी म्हणणार नाही. त्यांना ते नको होतं.

त्यांनी एक चूक केली, आणि ती त्यांच्या नोकरीतून आलेली होती. ते कुणाच्या घरात गेले नाहीत. घरात जाणं त्यांना कमीपणाचं वाटे. नाझर समन्स पाठवतो, स्वतः दार वाजवत नाही. ते गावात उतरत, स्टँडवरच्या हॉटेलात किंवा जिनच्या फाटकावर चौकशी करत, रेचे इथं आहेत एवढं कळलं की तिथंच निरोप ठेवत, की आर्वीला नाझरसाहेबांकडे अमुक रविवारी सगळ्या रेच्यांनी यावं, जेवण आहे, आणि पुढच्या गाडीनं निघत. रेचे कोण, हे त्यांनी विचारलंच नाही.

त्या रविवारी अंगणात मांडव पडला. पळसाच्या पत्रावळी आल्या, वांग्याची भाजी, वरण, पोळ्या, बुंदी असा बेत होता. मामाजी कोट घालून फाटकाशी उभे राहिले. नागपूरचा काका सकाळच्या गाडीनंच येऊन ओसरीवर तक्क्याला टेकला होता.

आधी देवळीचे आले. त्यांनी जवसाच्या तेलाचा डबा आणला होता, स्वतःच्या घाण्याचं तेल. तेली होते. आम्ही कुणबी. मामाजींनी डबा घेतला आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. मग पुलगावहून एक दाढीवाले म्हातारे गृहस्थ आले, खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली घेऊन, सोबत मुलगा आणि सून. जातीनं पिंजारी. त्यांना लोक रेचेवाले म्हणत. निरोप पोचता पोचता इतक्या तोंडांतून गेला होता, की लग्नघरात गाद्या पिंजायच्या आहेत एवढाच उरला होता. त्यांनी मामाजींना सलाम केला आणि अदबीनं विचारलं, "गाद्या किधर हैं, साहब?"

माझा नवरा आत स्वयंपाकघरात येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

सिंदीचे आणि नदीपलीकडचे आलेच नाहीत. सगळ्यांत शेवटी हिंगणघाटची आळी आली. पांढरेशुभ्र कपडे, म्हाताऱ्या, मुलंबाळं, आणि पुढं एक तरुण मास्तर. आदल्या दसऱ्याला ते सगळे नागपूरला जाऊन धम्म घेऊन आले होते. मामाजींनी त्यांना गाव विचारलं, नाव विचारलं, आणि मग काहीच विचारायला उरलं नाही.

पण तासभर मजा आली, हे मी नाकारणार नाही. मामाजी फाटकाशीच थिजले होते, त्यामुळे मांडवात लोक आपसात बोलायला लागले. रेचे म्हणजे काय, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. देवळीचे सांगत होते, की त्यांचा आजा सरकी न्यायला रेच्यावर जायचा आणि मग तिथंच बसला. पिंजारी बुवा म्हणाले, की त्यांच्याकडे रुई रेच्यावरूनच यायची, पुढं त्यांनी स्वतःचाच रेचा घेतला. हिंगणघाटच्या बाया तर दिवसभर लाटे फिरवत. त्यांच्यातली एक म्हातारी आपल्या सासूची गोष्ट सांगत होती. कापूस लावताना बोट लाट्यात गेलं आणि शेंडा चपटा झाला. देवळीच्या म्हातारीनं सांगितलं, की त्यांच्याकडेही एकीचं तसंच. तेवढ्यात पाण्याचा गडवा घेऊन उभ्या असलेल्या माझ्या सासूबाई सहज म्हणाल्या, "आमच्याही आजेसासूचं तसंच होतं."

ओसरीवर काकाचं पान चघळणं थांबलं.

मग जेवायची वेळ झाली आणि मजा संपली. मामाजी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले, की चार पंगती कराव्या लागतील, आणि चौथी मांडवाबाहेर, गोठ्याच्या बाजूला. नवऱ्यानं मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. तो असाच माणूस होता. इकडे देवळीचे तेली पाहुणे, जे तासभर हिंगणघाटच्या म्हातारीशी हसून बोलत होते, ते हळूहळू सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला सरकले. पिंजारी बुवांनी आपल्या फडक्यातून रोट्या काढल्या. त्यांना अशा मांडवांचा अनुभव असावा. आडनाव एक, काम एक, चपटं बोटही एक, पण पत्रावळ दिसली की प्रत्येकाला आपली जात आठवली. मी हे फार जवळून पाहिलं, कारण पत्रावळी माझ्या हातात होत्या.

हिंगणघाटच्या मास्तरला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. तो उठला, मामाजींजवळ आला आणि शांतपणे म्हणाला, "तुम्ही बोलावलं म्हणून आलो, साहेब. जेवाले नाई आलो. पंगत एक असंल तर बसतो, नाई तर आमची गाडी आहे दुपारची."

मामाजी ओसरीकडे पाहू लागले. काकाही त्यांच्याकडेच पाहत होता. माझी नणंद आतून आली. ती नव्या लुगड्यात होती, कारण तिला आज परत दाखवायचं होतं. तिनं माझ्या हातातल्या पत्रावळी घेतल्या, मांडवाच्या मधोमध एकच रांग मांडली आणि पहिल्या पत्रावळीवर स्वतः बसली. मग हिंगणघाटच्या म्हातारीला म्हणाली, "या आजी, बसा माझ्यापाशी. वयनी, वाढ."

मी वाढलं. हिंगणघाटचे सगळे बसले. पिंजारी बुवा रोट्या फडक्यात परत बांधून मुला-सुनेला घेऊन बसले. माझा नवरा वरणाचं भांडं घेऊन आला. एवढं त्याला जमलं. देवळीच्यांपैकी म्हातारी बसली, तिची मुलं नाही. मुलं तेलाचा डबा परत मागून घेऊन गेली. आमच्या गल्लीतले जे जेवायला आले होते त्यांना एकाएकी उपास आठवले.

नागपूरचा काका न जेवताच निघाला. जाताना मामाजींना म्हणाला, "यातली तुमची भावकी कोणती, तेवढं सांगा." मामाजी काहीतरी पुटपुटले. लग्न मोडलं हे सांगायला पुन्हा कुणी आलं नाही.

त्या संध्याकाळी मामाजी नणंदेला म्हणाले, की तू माझं नाक कापलंस. ती बुंदीचं उरलेलं पातेलं घासत होती. तिनं विचारलं, "मले त्या घरात द्यायचं होतं काऊन, बाबा?"  मग त्यांनी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला आणि तिला त्याचा पत्ताही लागला नाही, कारण ती मुळातच कमी बोलायची.

पुढं ती वर्ध्याला ट्रेनिंग घेऊन शिक्षिका झाली आणि तिला नोकरी लागली ती हिंगणघाटच्याच शाळेत. तिथं तिला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. एकटी बाई, लग्न न झालेली. तेव्हा त्या मास्तरनं आळीतल्या म्हातारीकडे तिची सोय केली. मामाजींना हे कळलं तेव्हा त्यांनी आम्हाला सांगितलं, की ती सरकारी क्वार्टरात राहते. आम्ही लोकांनाही तेच सांगायचं होतं. नंतर तिनं तिथल्याच एका मुनीमाशी लग्न केलं. तो आपल्यातला होता, हे मामाजींना तेवढं फार बरं वाटलं. तिला तो बरा वाटला म्हणून तिनं केलं होतं. जातीचा हिशेब तिनं मांडला नव्हता.

मामाजींनी मात्र हार मानली नाही. मेळाव्यानंतर त्यांनी दारावर नवी पाटी लावली, राजे, आणि लोकांना तसं सांगायला सुरुवात केली. गंमत करायला म्हणून बाजारातले लोक त्यांना खरोखरच राजे म्हणू लागले. भाजीवालीनं मागून हाक मारली, "ओ राजे, पिशवी राह्यली तुमची," तरी मामाजी तसेच पुढं चालत जात. हाक कुणाला मारून राह्यले, हे त्यांच्या ध्यानातच येत नसे. पिशवी मग माझा नवरा दवाखान्यातून येताना घेऊन यायचा.