कवड्यांची परडी

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे मला कुणी विचारलं असतं तर मी विषय बदलला असता. मी आजऱ्याजवळच्या खेड्यातली, आमच्या घरात कॉलेजला जाणारी पहिलीच. परीक्षेआधी हात जोडायचे. पण कुणी ऐकत असेल असं खरं वाटायचं नाही.

यंदा कोल्हापुरात रस्त्याकडेला आणि नदीकाठी पाल टाकून राहायला बंदी आली. तिथल्या लोकांना निवारा केंद्रात न्यायचं ठरलं आणि आमच्या कॉलेजची काही मुलं मदतीला गेली. चांगलं सामान टेम्पोत आणि मोडकं कचऱ्याच्या गाडीत, एवढंच माझं काम. ते मी फार उत्साहाने केलं. एका मावशींच्या पालात फाटक्या चिंध्यांखाली कडा उसवलेली बांबूची टोपली होती. ती मी मोडक्यात टाकली.

निवाऱ्याच्या दारात पोचल्यावर मावशींनी गाठोडं सोडलं आणि विचारलं, "पोरी, माझी परडी कुठं हाय?"

तेव्हा मला कळलं. ती यल्लम्मा आईची, कवड्या शिवलेली परडी होती. मंगळवारी आणि शुक्रवारी ती हातात धरून मावशी पाच घरी जोगवा मागत. आमच्या घरी ही पद्धत नाही, म्हणून मी ओळखली नाही. पण निदान विचारायला हवं होतं.

मावशी ओरडल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर बसल्या. केंद्राचे व्यवस्थापक काका म्हणाले, "मावशी, आत चला की. चहा गार व्हायलाय."

"आईला बाहीर टाकून मी आत झोपू व्हय? ती न्हाय आली, तर मी माझ्या वाटंनं जाते."

जायला त्यांना वाट कुठे होती? पाल तर उतरवलं होतं. मी कचऱ्याच्या गाडीमागे धावले, ती निघून गेली होती. चार जणांना फोन केले, कुणाला काही माहीत नव्हतं. शेवटी माझ्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नाही. मी मावशींशेजारी मातीत बसले आणि डोळे मिटून म्हणाले, "आई, चूक माझी आहे. मला काही जमत नाही. आता तूच बघ." मागणं असं नव्हतंच ते. नुसती कबुली होती, आणि ती देऊन हलकं वाटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. ऊन कलताना रस्त्याने एक माणूस येताना दिसला. अंगात सफाईचं जाकीट, डोक्यावर परडी, ती दोन्ही हातांनी सावरलेली.

"कचरा निवडताना कवड्या दिसल्या," तो म्हणाला. "गाडीवाला म्हणला, त्या पालांचं बाकीचं सामान निवाऱ्यात गेलंय. गाडीत घालून आणायला मन होईना, म्हणून चालत आलोय."

"एवढा उशीर व्हय रं?" मावशी म्हणाल्या, जणू त्याला त्यांनीच धाडलं होतं.

"मोकळी परडी दारात आणायची व्हय? वाटंत पाच घरी जोगवा मागत आलो."

परडीत पीठ होतं, वर हळदीकुंकू. मावशींनी ती कपाळाला लावली आणि माझ्याकडे बघून खदाखदा हसल्या. "ह्या पोरीनं आईला कचऱ्यात धाडलं, आन् आई जोगवा मागून आली की!"

सगळेच हसले. मीही हसले, रडत रडत. परडी जमिनीवर ठेवायची नाही म्हणून काकांनी मावशींच्या खाटेशी भिंतीला खिळा ठोकला. "नियमात माणशी एकच पिशवी बसती," ते पुटपुटले, "पण ही पिशवी न्हाय म्हणा." मावशी उंबरा ओलांडून आत गेल्या. तो माणूस चहाला थांबला नाही, आणि त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

तो आपणहून आला की कुणी आणला, हे मला ठरवता येत नाही, आणि ठरवायची घाईही नाही. मी तिथे निवारा द्यायला गेले होते, आणि तो मलाच मिळाला. आता हात जोडते तेव्हा मागायला काही आठवत नाही; त्या दुपारी मातीत बसल्यावर जसं हलकं वाटलं होतं, तसंच वाटतं, आणि तेवढ्याने माझं भागतं.