वरळीचे खडक मी घासले

"तू समुद्र पाहिलायस का कधी?"

मॅडमनी हे मला सगळ्यांसमोर विचारलं. तळवड्याच्या आमच्या शेडमध्ये, टेबलावर पसरलेल्या मुंबईच्या मॉडेलसमोर. टेबलाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मी, आणि मध्ये कुलाब्यापासून माहीमपर्यंत अख्खं शहर. त्यांचं बोट वरळीच्या टोकावर होतं. तिथले खडक गायब होते. ते मी कानशीने घासून टाकले होते.

मी म्हणाले, "नाही."

त्या हसल्या. आमच्या मालकांकडे वळून म्हणाल्या, "आण्णा, समुद्र न पाहिलेल्या बाईच्या हातात तुम्ही किनारा दिलात? या लोकांचा पाण्याशी संबंध टँकरपुरता."

आण्णा हसले. मॅडमबरोबर मुंबईहून आलेले दोन आर्किटेक्ट हसले. मीही ओठ ताणले. हसणाऱ्यांत आपण असलो की आपल्यावर हसत नाहीत, असं वाटलं असेल मला. पण हसले ते माझ्यावरच. आणि मी खोटं बोलले होते. समुद्र मी पाहिला होता. लहानपणापासून, दरवर्षी.

एक सांगून ठेवते. मनातल्या मनात मी त्या बाईला अहो-जाहो करत नाही. मी तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेन, तरी ती मला तू म्हणते. त्यामुळे यापुढे इथेही ती 'ती'च.

मी निघोज्याची. गावातली नव्हे, गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतली. आयटीआय केलं आणि चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर लागले. सात वर्षं बर काढली. मशीनवर पार्ट कापला की कडेला धातूची बारीक कुसं राहतात, त्याला बर म्हणतात. हाताला लागली की रक्त काढते. कानस मारायची, कडेवरून बोट फिरवायचं, टोचलं नाही की पार्ट पुढे सरकवायचा. शिफ्टभर हेच. वर ओव्हरटाइम. सात वर्षांनी अशी सवय लागते की घरातल्या ताटाची कड टोचली तरी हात कानस शोधतो.

मग आण्णांकडे आले. आण्णा आमच्याच गावचे. त्यांची जमीन कंपनीत गेली, त्या पैशातून त्यांनी तळवड्यात हे युनिट टाकलं. बिल्डरांसाठी इमारतींची मॉडेलं करतो आम्ही. हे मुंबईचं काम मात्र वेगळं होतं. तिथे समुद्राकाठच्या एका हॉलमध्ये शहराची गोष्ट सांगणारं प्रदर्शन ती मांडणार होती. मॉडेलला दोन थर. खाली जुनी सात बेटं, मधून समुद्र. वर पारदर्शक शीटवर आजचं शहर. वरचा थर उचलला की खालचं पाणी दिसायचं. कामाबरोबर माहितीची जाडजूड फाईल आली होती. कुठली खाडी कुठल्या बांधाने अडवली, कुठली टेकडी खोदून भराव घातला, किल्ल्याच्या भिंती कधी पाडल्या, गिरण्या कुठे होत्या. कोणी वाचली नाही. मी जेवणाच्या सुट्टीत सगळी वाचली. टेकडी खोदणारे आणि पाट्या वाहणारे कोण होते, तेवढं त्यात नव्हतं.

मॉडेल हॉलमध्ये बसवायला पंधरा दिवस लागणार होते. दोन माणसं जायची होती. रंगकामाचे रफीकभाई आणि फिटिंगला मी. आण्णांनी तसा शब्द दिला होता. मुंबईत पंधरा दिवस! मी आईला सांगितलं, भावाला सांगितलं, नवी चप्पल घेतली. आयुष्यात मला दुसरं काही इतकं हवं होतं असं आठवत नाही.

कारण मुंबई मी नेहमी एकाच दिवसाची पाहिली आहे. सहा डिसेंबरची. वस्तीतून टेम्पो निघायचा. आई पांढरं लुगडं नेसायची, भाकरी आणि ठेचा बांधून घ्यायची. मग दादरला रांग. तासन्‌तास रांग. भिंतीपलीकडे समुद्राचा आवाज यायचा, दिसायचा नाही. चैत्यभूमीवर डोकं टेकवून झालं की वडील मला वाळूत न्यायचे. एकदा त्यांनी माझं बोट लाटेत बुडवून माझ्याच तोंडात घातलं आणि म्हणाले, "खारं हाय ना? ध्यानात ठेव." मग पुस्तकांच्या स्टॉलवर एक पुस्तक, आणि परत टेम्पो. वडील गेले. आम्ही अजून जातो. कामावर मात्र मी दरवर्षी रजेच्या कागदावर 'मावशीकडे कार्यक्रम' असं लिहीत आले. मावशी दिघीला राहते. तिच्याकडे कसला कार्यक्रम, कोणी विचारलं नाही.

आणि ती! ती दादरलाच राहते. समुद्रासमोर. आजोबांच्या वेळचं घर. पहिल्यांदा शेडमध्ये आली तेव्हा मॉडेलवर वाकून म्हणाली, "हे आमचं घर," आणि बोट ठेवलं. माहीम, वरळी, परळ ही नावं ती स्वतःच्या घरातल्या खोल्यांची घ्यावीत तशी घ्यायची. खाऱ्या हवेनं आमचा फ्रिज गंजतो, म्हणाली. कुरकुर करत म्हणाली. चाकणला मशीनवर गंज दिसला की आम्हाला मेमो मिळायचा. हिच्या गंजाचंही कौतुक. मला तिचा हेवा वाटला. तिच्या साडीचा नाही, गाडीचा नाही. समुद्राचा कंटाळा येण्याइतका समुद्र तिला मिळाला होता, त्याचा. घरी आले तर आमच्या खिडकीतून समोरच्या वर्कशॉपचा पत्रा दिसत होता. त्या दिवशी मी खिडकी धाडकन लावली आणि आई विचारत राहिली काय झालं म्हणून.

तर बेटांचा थर मशीनवरून कापून आला, तेव्हा त्याच्या काठाला कुसं होती. मी कानस घेतली. वरळीच्या टोकाशी दोन-दोन मिलिमीटरचे काटे होते. मला ती बर वाटली. घासली. बोट फिरवलं, गुळगुळीत लागलं, बरं वाटलं. चाकणला सुपरवायझरने शाबासकी दिली असती. इथे मी शहराचे खडक काढून टाकले होते. चूक माझीच. ती मी नाकारत नाही.

मंडळी निघून गेल्यावर मी कोपऱ्यात जाऊन बसले. रफीकभाई ब्रश धूत होते. ते चिंचवडचे, वडिलांपासून रंगकामात. ब्रश झटकून ठेवले. मग म्हणाले, "घासलं ते घासलं. पुट्टी लावू, परत खडक काढू. पण तू न्हाई का म्हटलीस? सहा डिसेंबरला तू कुठं जातीस, मला म्हाईत न्हाई व्हय?"

मी कानस पुसत राहिले.

"मी बी नवीन माणसाला नाव सांगायच्या आधी त्याचं तोंड बघतो," ते म्हणाले. "पण मशीद कुठंय विचारलं, तर ठाऊक न्हाई असं म्हणत न्हाई."

हे मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. समुद्र पाहिलाय म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, कधी, कुठे. दादरला, सहा डिसेंबरला. मग आर्किटेक्टांच्या चेहऱ्यांवर ते आलं असतं, जे मला शाळेपासून पाठ आहे. ते टाळायला मी वडिलांनी दाखवलेला समुद्र नाकारला. घासून काढला म्हणा ना.

आठवडा लावून मी खडक परत केले. एकेक. माहितीच्या फाईलमधले फोटो बघून. काम चांगलं झालं होतं, मला माहीत होतं.

ती पुन्हा तपासायला आली. बोट फिरवलं. "बघ, जमलं की," म्हणाली. आण्णा खूश झाले. चहा आला. शेवटचं काम उरलं होतं पिना लावायचं. महत्त्वाच्या प्रत्येक जागेवर पितळेची बारीक पिन आणि बाजूला नावांची यादी. पिनांची डबी माझ्या हातात होती. यादी मी वाचली होती. किल्ले होते, देवळं, चर्चं, मशिदी, अग्याऱ्या होत्या. बंद पडलेल्या गिरण्या होत्या. क्रिकेटचा एक क्लबही होता. चैत्यभूमी नव्हती.

आण्णांनी विचारलं, "मॅडम, उद्घाटन कधी धरायचं?"

"डिसेंबरचा पहिला आठवडा नको हं," ती म्हणाली. "सहा तारखेला आमच्याकडे राहण्यासारखं नसतं. ते लोक येतात ना. आम्ही तर दरवर्षी घर बंद करून लोणावळ्याला जातो."

म्हणजे आमचा टेम्पो घाट उतरत असायचा तेव्हा हिची गाडी घाट चढत असायची. इतकी वर्षं. ज्या घराचा मी हेवा केला, ते घर माझ्यासाठी कुलूप लावून ठेवलेलं होतं.

मग ती माझ्याकडे वळली. प्रेमानेच बोलली, हे मी मान्य करते. "तू येणारेस ना फिटिंगला? एक दिवस तुला समुद्र दाखवते. आमच्या बाल्कनीतून."

हो म्हणायचं होतं. नुसतं हो. पंधरा दिवस मिळाले असते, बाल्कनीसुद्धा मिळाली असती. खरं सांगते, एक क्षण मला ती बाल्कनी हवीहवीशी वाटली.

मी म्हणाले, "मी पाहिलाय समुद्र. तुमच्या घराखालीच. मागच्या वेळी खोटं बोलले. मॅडम, ते लोक म्हणजे मी."

तिने कप खाली ठेवला. "माझा तसा अर्थ नव्हता," म्हणाली.

"यादीत चैत्यभूमी नाही."

"ते स्केलमध्ये बसत नाही गं."

"पिन सगळ्यांना एकाच मापाची आहे. क्लबलापण हीच."

आण्णा ओरडले, "ए पोरी, गप ऱ्हा! तुला काय करायचंय पिनांचं? लावायच्या आन्‌ मोकळं व्हायचं."

मी डबी टेबलावर ठेवली. "ती एक पिन यादीत येत नाही, तोवर बाकीच्या मी लावणार नाही."

सिनेमात असतं तसं काही वाटलं नाही. नव्या चपलेचे पैसे आठवत होते.

पिना आण्णांच्या पुतण्याने लावल्या. मुंबईलाही तोच गेला. रफीकभाई जाणार नाही म्हणत होते, मीच त्यांना पाठवलं, त्यांच्या घरात खाणारी तोंडं सहा आहेत. त्यांनी तिथून फोन केला. ती पिन लावली नव्हती. पुतण्याने समुद्रासमोर काढलेले फोटो मोबाईलवर टाकले. मी एकूण एक पाहिले आणि जळले. मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर हेवा संपेल. संपला नाही. त्या शहरातली माझी जागा अजून तिच्या मालकीची आहे आणि मला ती जागा हवी आहे, पाहुणी म्हणून नको. आण्णांना माझ्याकडून लेखी माफी हवीय. मी दिली नाही. काढलं तर काढू देत, कानस धरणाऱ्या बाईला या पट्ट्यात शेडची कमी नाही.

प्रदर्शन नोव्हेंबरातच सुरू झालं आणि सगळ्यांना खुलं आहे, तिकीट काढून. वस्तीत मी बैठक घेतली. यंदाच्या सहा डिसेंबरला रांगेतून बाहेर पडलो की सगळा टेम्पो त्या हॉलवर जाणार आहे. आई, माम्या, पोरं, म्हातारे, सगळे तिकीट काढणार. आणि आत शिरणारा एकेक माणूस तिथल्या माणसाला विचारणार की आम्ही आत्ता जिथून आलो, ते या नकाशात कुठं आहे. सगळ्यात पुढे मी असणार.