भोंग्याला ग्रीस

डिचोलीतली आमची खाण बंद पडली ती पडलीच. पण आम्ही काही माणसं दर सोमवारी गेटवर हजेरीला जमतो, त्यामुळे किस्से काही संपत नाहीत. किश्श्यांचा माल काढायला कुणाची परवानगी लागत नाही! मी तिथला टाइमकीपर. काम नाही, काढूनही टाकलेलं नाही. रिटायर अठ्ठावन्नला की साठला, की झालोच आहोत, हे कुणीच सांगत नाही.

शॉवेल चालवणारा गुणो मुलीचं लग्न ठरवायला गेला. व्याह्यांनी विचारलं, "रिटायर कधी?"

गुणो म्हणाला, "आधी ड्युटीर बोलवूंदेत, मगे रिटायरचा बघूया." लग्न ठरलं. व्याहीही खाणीतलाच निघाला.

एकदा हेड ऑफिसातून एक तरुण साहेब आला. आम्ही त्याला घेरून तेच विचारलं. "वर विचारून सांगतो," म्हणाला. आमच्यातल्या भिकूने सहज विचारलं, "तुम्ही कधी रिटायर होतलास?"

साहेब हळूच म्हणाला, "मी कॉन्ट्रॅक्टवर आहे."

"मगे बस हंय, चाय घे," भिकू म्हणाला, आणि आपल्या बाकावर त्याला जागा करून दिली.

हा भिकू पेडण्याचा. खाणीचा पाळीचा भोंगा तोच वाजवायचा. भोंगा मुका झाला तरी तो दर सोमवारी बस बदलत येतो आणि त्याला ग्रीस लावतो. कशाला, म्हणून विचारलं की म्हणतो, "गंज चडलो तर उद्या वाजात कसो?"

शेवटी आम्ही मूर्तीला फुलांच्या कळ्या चिकटवून देवीला कौल लावला. नोकरीत असताना रिटायर होऊ का? उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तासभर हात जोडून उभे राहिलो. एकही पडेना.

भिकू म्हणाला, "तिका पण हेड ऑफिसाक विचारूचा लागता."

गेल्या सोमवारी भिकूला साठ वर्षं पूर्ण झाली. वरून निरोप नाही, माणूस नाही. मला राग आला. आम्हीच शाल-नारळ आणला, गेटवरच त्याच्या अंगावर शाल घातली. तो म्हणाला, "एकदा वाजवन जातंय." आणि त्याने बटण दाबलं.

भोंगा पहिल्यासारखा खणखणीत वाजला. आमचे डोळे भरून आले.

थोड्या वेळाने खालच्या रस्त्यावर, हजेरीला यायचं सोडलेली माणसं भोंगा ऐकून कामावर येताना दिसली. डोक्यावर हेल्मेट, हातात डबे. गुणोचा व्याही सगळ्यांच्या पुढे, धापा टाकत चढण चढत होता.

भिकूने त्यांच्याकडे बघितलं. मग शाल काढून घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"आज मी रिटायर होवचंय नाय," तो म्हणाला. "आधी ह्यांची हजेरी घे."

मी खिशातलं पेन काढलं.