खाकी कागदावरचे आबा
परवा घोडेगावात मी शिकवते त्या शाळेसाठी खाकी कागद घेतला आणि त्या कोऱ्या वासासरशी राजुरीची आमची ओसरी आठवली. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला माणसाचं शरीर कागदातून दाखवायचं होतं. मी ओसरीवर कागद अंथरून वडिलांना, आबांना, म्हणाले, "यावर झोपा, कडेनं रेघ मारते." ते नुकतेच मोठ्या दुखण्यातून उठले होते. आई कडाडली, "जित्या माणसाला आडवं घालून मापं घेती व्हय?" आबा हसले. "मला बी पडून लई कटाळा आलाय. लाव भितीला." कागद भिंतीला लावला. आबांनी कोपऱ्यातली काठी घेतली आणि मेंढरांमागं उभे राहायचे तसे, काठीवर भार देऊन, एक पाय दुसऱ्या गुडघ्याला टेकवून उभे राहिले. जमिनीवरचा पाय थरथरत होता. "बसा आता," आई म्हणाली. "तू मार रेघ, पोरी," आबा मला म्हणाले. मी काठीसकट रेघ मारली. आकार कापून काढला तेव्हा आई बघतच राहिली. "काठी बी अंगातनंच उगवलीय जणू!" पुढच्या महिन्यात आबा पुन्हा मेंढरांमागं जाऊ लागले. तो कागद आता माझ्या वर्गात आहे. सुट्टी लागली की बाकी सगळे कागद मी गुंडाळून ठेवते. आबांना मात्र उभंच ठेवते.